भूल चढेपर्यंतचं साहित्य

दातांच्या डॉक्टरसमोर माणूस आ वासून बसतो, यात डॉक्टरचं कर्तृत्व काही नसतं. पण एवढी साधी गोष्ट आपल्या डॉक्टरांच्या लक्षात यायला बरीच वर्षं जावी लागली. तोपर्यंत त्यांची ठाम समजूत होती की लोक त्यांची कादंबरी ऐकून आ वासतात.

त्याचं असं होतं. दाढ काढायची म्हणजे आधी हिरडीत सुई टोचून भूल द्यायची आणि ती चढेपर्यंत थांबायचं. जबडा जड होतो, खालचा ओठ दुसऱ्याच कुणाचा तरी वाटायला लागतो, मग पुढचं काम. हा मधला वेळ बाकीचे डॉक्टर फोन बघण्यात घालवतात, नाहीतर शेजारच्या खुर्चीवरचा पेशंट उरकून घेतात. आपल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात खुर्ची एकच होती, आणि कादंबरीही एकच. ते हातमोजे उतरवत, खणातून एक जाडजूड वही काढत, चाकांचं स्टूल पुढे ओढत आणि म्हणत, "तोवर थोडं वाचून दाखवतो. तुमचाही वेळ बरा जाईल." पेशंट काहीतरी बोलायची धडपड करी. पण गालात कापसाचे बोळे आणि ओठाच्या कोपऱ्यात लाळ ओढणारी नळी असताना "अं… अं…" यापलीकडे मराठी भाषा जात नाही. डॉक्टर तो होकार समजत.

कादंबरी एका राणीची होती. राज्य कुठलं, काळ कुठला, हे डॉक्टरांनी ठरवलेलं नव्हतं. राणी मात्र शूर, देखणी आणि भलतीच बोलकी होती. पहिल्या पानावर जी घोड्यावर चढली ती उतरायचं नावच घेईना. दर प्रकरणाच्या शेवटी ती कुठल्यातरी कड्याच्या टोकाशी येऊन उभी राही, कारण तेवढ्यात पेशंटचा जबडा बधिर झालेला असे. डॉक्टर वही मिटत आणि मिस्किलपणे म्हणत, "बाकीचं पुढच्या दाताला!"

दादही भरपूर मिळे. कुणाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाही, कुणी खुर्चीचे हात घट्ट धरी. एक बाई तर राणीच्या वनवासाच्या प्रसंगाला खुर्चीतून अर्धवट उठल्याच होत्या. आणि निघताना बधिर ओठांतून कसाबसा का होईना, प्रत्येक जण "वा, छान" म्हणेच. ज्या माणसाकडे आपली अजून एक दाढ बाकी आहे आणि ज्याच्या हातात पक्कड आहे, त्याला दुसरं काय म्हणणार? डॉक्टर तेवढ्या 'वा'वर दिवस काढत. संध्याकाळी घरी येताना त्यांची चालच वेगळी असे.

हे सगळं ज्यांनी सर्वांत जास्त ऐकायला हवं होतं, त्या म्हणजे दवाखान्यातल्या मदतनीस बाई. पण त्यांनी पहिल्याच वर्षी दवाखान्यातल्या कापसाचा एक नवा उपयोग शोधून काढला होता. वाचन सुरू झालं की त्या शांतपणे दोन बोळे कानांत घालत आणि हत्यारं उकळायला लागत. डॉक्टरांना वाटे, बाई किती तल्लीन होतात.

घरी बायको ग्रंथपाल. बाहेरच्या माणसाला वाटेल, काय योग आहे! पण जिने दिवसभर पुस्तकांच्या गठ्ठ्यांना नंबर चिकटवले, तिला संध्याकाळी आणखी एक पुस्तक, तेही अपुरं, ऐकायचं नसतं. पूर्वी एकदा डॉक्टरांनी हौसेने पहिलं प्रकरण वाचायला घेतलं, तर राणी घोड्यावर चढायच्या आत ही झोपली. "तुमचा आवाजच असा गोड आहे," सकाळी ती म्हणाली.

खरी पहिली दाद दिली होती ती वडिलांनी. डॉक्टर तेव्हा नवीन होते. त्यांनी आयुष्यातली पहिली कवळी वडिलांसाठी केली आणि कादंबरीचं पहिलं प्रकरणही वडिलांनाच वाचून दाखवलं. वडील दोन्हींना "छान" म्हणाले. वडील जाऊन आता बरीच वर्षं झाली होती, पण कुठल्याही पेशंटला कवळी देताना डॉक्टर छाती काढून सांगत, "माझ्या वडिलांनी शेवटपर्यंत मी केलेलीच कवळी वापरली. एकदासुद्धा तक्रार नाही!"

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना सासूबाईंची दाढ दुखायला लागली.

सासूबाईंना रक्तदाब. म्हणून डॉक्टरांनी त्यांना साधी, हलकी भूल दिली. ती चटकन चढते, पण अर्ध्या तासात उतरायलाही लागते. हे डॉक्टरांना पक्कं ठाऊक होतं. फक्त त्या दिवशी त्यांच्याकडे ताजं, कालच पुरं झालेलं प्रकरण होतं आणि समोर असा श्रोता होता जो हक्काने नाही म्हणू शकला असता, पण आत्ता म्हणू शकत नव्हता. डॉक्टरांनी वही उघडली. राणीला विश्वासघाताने पकडलं, अंधारकोठडीत टाकलं, तिथे तिने एक भाषण केलं. भाषण संपेना. भूल चढली, थोडा वेळ बसली, वाट पाहून कंटाळली आणि निघून गेली. डॉक्टर वाचतच होते. शेवटी त्यांनी वही मिटली, पक्कड उचलली आणि दाढ धरली.

सासूबाईंनी जी किंकाळी फोडली ती बाहेर बसलेल्या पेशंटांनी ऐकली, खालच्या दुकानदाराने ऐकली, आणि कानांत बोळे असलेल्या मदतनीस बाईंनीही ऐकली. बाहेरचे पेशंट उठून निघून गेले. यात सगळ्यांत वाईट भाग असा, की क्षणभर, अगदी क्षणभरच, डॉक्टरांना वाटलं, काय परिणाम झालाय प्रकरणाचा!

संध्याकाळी घरात न्यायालय बसलं. सासूबाई गालाला बर्फ लावून सोफ्यावर, बायको उभी, आरोपी दाराशी.

"आजपासून दवाखान्यात वाचन बंद," बायको म्हणाली.

"अगं, पण जरा ऐकून—"

"ऐकणं पण बंद. आईच्या गालावर हात ठेवून शपथ घ्या."

"अजिबात नाही!" सासूबाई सोफ्यावरून म्हणाल्या. "हात लांब ठेवा म्हणावं."

डॉक्टरांनी लांबूनच शपथ घेतली. मग अगदी मनापासून, रडवेल्या आवाजात त्यांनी विचारलं, "पण ऐकायलाच कोणी नसेल तर मी लिहू कुणासाठी?"

"मला काय विचारता? आमच्या ग्रंथालयाच्या तळघरात कपाटंच्या कपाटं भरलीयेत. आजवर एकाही माणसाने हात लावलेला नाही. धूळ झटकते ती मीच. लिहिलीच ना त्या लोकांनी?"

"त्यांना निदान आशा तरी असेल."

"तुम्हालाही होती की. आईच्या दाढेपर्यंत."

डॉक्टरांनी शपथ पाळली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण माणूस इतक्या लवकर हार मानत नाही. त्यांनी एक प्रकरण टाइप करून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. दिवसभर फोन हातात धरून बसले. रात्री एक अंगठा आला, मेव्हण्याचा. डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी वर सरकवून पाहिलं, तर आदल्या दिवशी ग्रुपवर कुणाच्यातरी निधनाची बातमी होती आणि मेव्हण्याने तिलाही अंगठाच दिला होता.

मग मात्र त्यांनी लिहिणं सोडलं. वही खणात गेली, खणाला कुलूप लागलं. भूल दिली की डॉक्टर स्टूलवर गुडघ्यांवर हात ठेवून गप्प बसून राहत. याचाही पेशंटांना त्रासच झाला. ज्यांनी वर्षानुवर्षं राणी सोसली होती, ते या शांततेने घाबरले. "डॉक्टर, काही गंभीर आहे का?" एकाने बोळ्यांआडून विचारलंच. मदतनीस बाईंनी कानांतला कापूस काढला, थोडा वेळ वाट पाहिली आणि परत घातला. सवय झाली होती.

दिवस गेले. डॉक्टर वाळले, चिडके झाले. घरी बायको काही बोलली की "हो" म्हणत आणि दवाखान्यात पेशंटने काही विचारलं की "उघडा" म्हणत. त्यांना साहित्यिक म्हणून मरण आलं होतं आणि कुणी साधं भेटायलाही आलं नव्हतं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत दवाखाना बंद असे. अशाच एका दुपारी त्यांनी खणाचं कुलूप काढलं. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. काहीतरी खाजत होतं, एवढंच. दवाखान्यात टेकायला बरी जागा एकच, पेशंटची खुर्ची. ते तिच्यात आडवे झाले, डोक्यावरचा दिवा लावला आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे लिहायला लागले. राणी सुटून माहेरी येते आणि म्हातारा राजा तिच्यासाठी मेजवानी देतो, असा प्रसंग होता. पूर्वीचे डॉक्टर असते तर 'महाराजांनी पक्वान्नांवर ताव मारला' असं ठोकून पुढे गेले असते, कारण समोरच्याला कंटाळा यायच्या आत कड्यापर्यंत पोचायचं असे. आता समोर कोणी नव्हतं. कंटाळायला फक्त दिवा होता. डॉक्टर थांबले. त्यांना पहिल्यांदाच प्रश्न पडला, एवढा म्हातारा राजा ताव मारेल कसा? दात कुठायत त्याला?

आता हा विषय त्यांच्या हातातला होता. त्यांनी ताव खोडला. राजाला एकही दात ठेवला नाही. गाल आत गेले, हनुवटी नाकाकडे आली. मग राजाला खायला काय द्यावं? त्यांनी त्याला पाव दिला, दुधात बुडवून. मग राजा सिंहासनावर बसून दुधात बुडवलेला पाव खाईना, म्हणून त्याला स्वयंपाकघरात आणला, ओट्याशेजारच्या छोट्या टेबलाशी बसवला. राणी येते. घोड्यावरून आली तर स्वयंपाकघरात शिरता येईना, म्हणून तिला चालत आणली. तिच्या पायांचा आवाज येताच राजा काय करतो?

डॉक्टरांचा हात आपोआप चालला. राजा घाईघाईने पाठ फिरवतो, खिडकीतल्या पेल्यातून कवळी काढतो, तोंडात बसवतो, आणि मगच वळून म्हणतो, "ये, ये. आत्ताच जेवण झालं माझं."

लिहून झालं आणि डॉक्टरांनी वाचलं. मग पेन ठेवून दिलं.

हे त्यांनी रचलं नव्हतं. हे त्यांनी पाहिलं होतं. न कळवता ते एकदा वडिलांकडे गेले होते. दार उघडंच होतं, खिडकीत पेला होता, टेबलावर दुधाची वाटी होती, आणि वडील पाठमोरे, मान खाली घालून काहीतरी करत होते. मग वळून हसले होते, सगळे दात दाखवून. डॉक्टर त्या दातांकडे बघून मनात म्हणाले होते, काय झकास काम केलंय आपण.

त्या खुर्चीत डॉक्टर बराच वेळ पडून राहिले. वडील त्यांच्याकडे आले की नेहमी म्हणत, भूक नाही, घरूनच खाऊन आलोय. लग्नाच्या जेवणावळीत आमटी तेवढी पीत. कवळी त्यांना कधी बसलीच नव्हती. ती ते फक्त मुलासमोर घालत. मुलगा गेला की काढून पेल्यात ठेवत आणि मग निवांत जेवत. म्हणजे मुलगा नसतानाच बिचाऱ्यांना पोटभर खाता येत होतं! डॉक्टरांना हसू आलं, आणि हसता हसता इतकं रडू आलं, की लाळ ओढायची नळी स्वतःलाच लावायची वेळ आली. त्यांना वडिलांची फार आठवण आली. शेवटपर्यंत तक्रार न करणारा तो म्हातारा त्यांना आत्ता, या क्षणी, समोर हवा होता, म्हणजे त्याला चांगलं फैलावर घेता आलं असतं.

मग एक भयंकर विचार आला. तर मग पहिल्या प्रकरणालाही ते "छान" म्हणाले होते, त्याचं काय?

त्यांनी वहीची पानं मागे उलटली आणि पहिलं प्रकरण काढून वाचलं. ते अगदी टाकाऊ होतं. वडिलांनी ते सगळं बसून ऐकलं होतं, तेही कवळी घालून.

त्या दिवसापासून डॉक्टर रोज दुपारी लिहायला लागले. राजाचा मुकुट दोन दिवसांत गेला. मग राज्य गेलं, त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही. राणी काही पानं घुटमळली आणि एका खोडलेल्या ओळीखाली कायमची संपली. उरलं ते एक स्वयंपाकघर, एक म्हातारा माणूस आणि त्याचं जेवण. काम फार हळू चाले. वडील घास कुठल्या गालात धरत, हे आठवायला एक अख्खी दुपार गेली. ते सापडलं तेव्हा डॉक्टरांना जो आनंद झाला, तसा आनंद आजवरच्या सगळ्या 'वा' एकत्र केल्या तरी झाला नसता. हे कुणाला सांगायला जावं, असं त्यांना वाटलंच नाही. सांगायचं काय? डाव्या गालात, म्हणून?

बायकोच्या नजरेतून हे सुटलं नाही. नवरा दुपारचं लिहितो, संध्याकाळी खूश असतो आणि काहीच वाचून दाखवत नाही, हे लक्षण तिला ठीक दिसेना.

"काय लिहिताय हल्ली?"

"काही नाही. असंच."

"वाचून दाखवायचंय का?" तिने जीव मुठीत धरून विचारलं.

"नको."

"तब्येत बरी आहे ना तुमची?"

पुढच्या रविवारी तर सासूबाईच आल्या. चहा झाला. इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनी बायको आत गेलेली बघून आवाज खाली केला. "जावईबापू, त्या कोठडीतल्या राणीचं पुढे काय झालं हो?"

डॉक्टर बघतच राहिले. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो श्रोता हाच. स्वतःहून विचारणारा, तोंडात बोळा नसलेला, तेही एवढं सोसल्यावर! पूर्वी असतं तर त्यांनी सासूबाईंना जेवायला ठेवून घेतलं असतं, मुक्कामाला ठेवून घेतलं असतं.

"गेली ती," ते म्हणाले.

"बरं झालं," सासूबाई म्हणाल्या. "फार बोलायची."

डॉक्टरांना अजिबात राग आला नाही. उलट त्यांना ते पटलं.

त्यानंतर काही दिवसांनी एक आजोबा त्यांची नवी कवळी न्यायला आले. सोबत मुलगी होती. तिनेच मागे लागून ही कवळी करायला लावली होती, मापं देताना प्रत्येक वेळी हजर राहिली होती. डॉक्टरांनी कवळी बसवली, हातात आरसा दिला. आजोबांनी आरशात पाहिलं, मग मुलीकडे पाहिलं, आणि सगळे दात दाखवून हसले.

"वा! छान बसलीय. अगदी माझेच दात वाटतात."

मुलीचा चेहरा उजळला. "बघा, मी म्हणत नव्हते?"

मदतनीस बाईंनी पावतीपुस्तक पुढे ओढलं. आता डॉक्टर वडिलांचं ते नेहमीचं सांगणार आणि मग पेशंट सुटणार, हे त्यांना पाठ होतं.  डॉक्टर मात्र आजोबांकडे बघत राहिले. मग मुलीला म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर बसता का? बाई, तुम्हीही."

दोघी गेल्या. डॉक्टरांनी दार लावून घेतलं, स्वतःच्या डब्यातलं सफरचंद काढलं, कापून एक फोड आजोबांच्या हातावर ठेवली.

"खा."

"आत्ता भूक नाही हो मला."

"माहीत आहे. तरी खा."

आजोबांनी फोड तोंडात घातली. एकदा दात दाबले. मग जबडा जागीच थांबला आणि त्यांचे डोळे पाण्याने भरले. ते दाराकडे बघत होते.

"तिला सांगू नका," ते हळूच म्हणाले. "फार हौसेने केलीय पोरीने."

डॉक्टरांनी स्टूल पुढे ओढलं.  मग हातमोजे चढवले, दिवा खाली ओढला आणि अलगद कवळी काढून घेतली.

"नाही सांगत," ते म्हणाले. "पण मला सांगा. कुठे दुखतंय?"

आजोबांनी पुन्हा एकदा दाराकडे पाहिलं. मग तोंड उघडलं आणि बोट आत घालून दाखवलं.